जुन्या प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्याच्या जागेवर घरं, माती कशी तपासायची?

प्रश्न: कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता तिथे बिल्डिंग होणार. बिल्डर म्हणतो वरची दोन फूट माती काढली की झालं, पण पाऊस पडला की एका कोपऱ्यात अजून पिवळं पाणी साचतं. मला काही पटत नाहीये, काय तपासायला सांगू?

उत्तर १: पिवळं पाणी म्हणजे आधी हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे प्लेटिंगमध्ये वापरायच्या क्रोमियम धातूच्या विषारी रूपाचा संशय घ्या, ते पाण्यात विरघळून भूजलापर्यंत जातं, मग दोन फुटांना काय अर्थ! आधी जुने नकाशे काढा आणि जुन्या कामगारांना गाठा, टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठे सोडायचे हे त्यांना बरोबर माहीत असतं, मग तिथेच बोअर मारून वेगवेगळ्या खोलीची माती आणि पाणी लॅबला द्या. तोवर मुलांना तिकडे अजिबात खेळू देऊ नका.

उत्तर २: मातीतली हवाही तपासा हो. पार्ट धुवायला ट्रायक्लोरोइथिलिन (तेल-ग्रीस काढणारं रसायन) वापरलं असेल तर ते पाण्यापेक्षा जड, खोल जाऊन बसतं आणि त्याची वाफ फरशीच्या भेगांतून घरात शिरते.

प्रश्नकर्ता: बापरे, मग उपाय?

उत्तर १: आहे ना. फेरस सल्फेटसारखं रसायन मिसळून क्रोमियम कमी विषारी रूपात आणतात, पण नंतरही भूजल तपासत राहावं लागतं.