आईला आंब्याचा चीक उततो, न्यू जर्सीत पॉयझन आयव्हीपासून किती जपावं?

मुलुंडची_लेक
आई जूनमध्ये ताईकडे न्यू जर्सीला चाललीय, सप्टेंबर संपेपर्यंत. ताईच्या घरामागे कुंपणापलीकडे झाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथलं तण काढताना भावजींना पॉयझन आयव्ही नावाची वेल लागली आणि दोन्ही हातांवर पाण्याचे फोड आले. आई इथे गॅलरीतल्या कुंड्यांमध्येसुद्धा सतत काहीतरी उपटत असते, तिथे अंगण मिळाल्यावर ती बसून राहणं शक्य नाही. तिला हापूसचा चीक लागला की ओठांच्या कडा सुजतात, आणि लहानपणी तिला बिब्बा जबरदस्त उतला होता. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. कोणी सांगतं अंगाला खोबरेल चोळून बाहेर जा, कोणी म्हणतं सेट्रिझिन पुरे. नक्की काय करावं?

रानपान_पार्ले
मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे आणि मुलगा पेनसिल्व्हेनियात राहतो, त्यामुळे ही वेल मी तिथे जाऊन-येऊन खूप न्याहाळली आहे. तुमची काळजी रास्त आहे. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉयझन आयव्ही ही सगळी एकाच कुळातली. पॉयझन आयव्हीच्या पानात, खोडात, मुळात उरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं, आणि आंब्याच्या चिकातली, बिब्ब्याच्या तेलातली द्रव्यं त्याच जातकुळीची. एकाचं वावडं असलं की दुसऱ्याचंही असू शकतं. आईंना होईलच असं नाही, पण होईल असं धरूनच चाला.

ओळख सांगते. एका देठावर तीन पानं, आपल्या पळसासारखी. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन पानं जवळजवळ देठाविना. हे तीन-तीनचे झुबके फांदीवर एकाआड एक येतात, समोरासमोर नाही. काटे कधीच नसतात, त्यामुळे तीन पानं आणि काटे दिसले तर ती बहुधा रास्पबेरीची जात. पाच पानं असली तर व्हर्जिनिया क्रीपर. कोवळी पालवी लालसर, उन्हाळ्यात हिरवी, कधी चकचकीत तर कधी मंद, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल-केशरी. फुलदाणीत ठेवायला फांदी तोडावीशी वाटते ती नेमकी तेव्हाच, हे आईंना आवर्जून सांगा. झाडावर चढलेली जुनी वेल खोडावरून ओळखायची: बारीक तपकिरी मुळांनी भरलेली, काथ्याच्या दोरासारखी केसाळ. पानं गळल्यावरही ती तेवढीच बाधते. तोडलेली वेल जाळायची नाही, कधीच नाही. धुराबरोबर ते तेल घशात आणि फुप्फुसांत जातं.

खोबरेल चोळून बाहेर जाण्याला माझा ठाम विरोध आहे. तेल तेलात मिसळतं आणि आणखी पसरतं. पूर्ण बाह्या, पायमोजे, रबरी हातमोजे घालावेत. परत आल्यावर साबणाने, भांडी घासायचा पातळ साबण उत्तम, भरपूर वाहत्या पाण्याखाली हात धुवावेत. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत धुतलं तर खूप फरक पडतो, उशीर झाला तरी धुवावंच. नखांखाली ब्रश फिरवायला विसरू नये, कारण त्याच नखांनी माणूस पुढे डोळा चोळतो. कपडे वेगळे धुवायचे. खुरपं, कात्री, बुटांच्या नाड्या, चष्मा, फोन, सगळं पुसायचं. हे तेल वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतं. घरात कुत्रा असेल तर त्याच्या केसांवरून ते आपल्या हाताला लागतं, त्यालाही हातमोजे घालूनच आंघोळ घालावी.

त्वचा_परळ
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, उपचाराचं सांगतो. खाज आणि लाली बहुतेकांना 12 ते 72 तासांनी सुरू होते, आयुष्यात पहिल्यांदाच संपर्क आला असेल तर आठवड्याहून उशिरानेही. फोड आज मनगटावर, उद्या मानेवर दिसतात म्हणून लोक घाबरतात. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही आणि दुसऱ्यालाही होत नाही. जिथे तेल कमी लागलं किंवा कातडी जाड आहे, तिथे ते उशिरा उठतं, इतकंच. दोन-तीन आठवड्यांत ओसरतं.

गार पाण्याच्या पट्ट्या आणि साधं कॅलामाइन लावा. फोड फोडू नका. ही खाज हिस्टामिनची, म्हणजे सेट्रिझिन ज्या द्रव्याला अडवतं त्याची, नाही, म्हणून सेट्रिझिनने फारसा उतार पडत नाही. खाज जास्त असेल तर डॉक्टर जोरकस स्टिरॉइड मलम देतात. आपल्याकडे केमिस्ट स्टिरॉइड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब सहज देतो. ती आईंच्या बॅगेत कृपया घालू नका.

चेहरा सुजला, डोळे मिटू लागले, गुप्तांगावर उठलं किंवा अंगाचा बराच भाग व्यापला तर डॉक्टरकडे जायचंच. अशा वेळी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या सहसा दोन-तीन आठवडे, हळूहळू कमी करत देतात. पाच-सहा दिवसांतच थांबवलं तर पुरळ उलटून येतं. या गोळ्यांनी साखर वाढते. म्हणून मधुमेह आहे आणि कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं, ग्लुकोमीटर सोबत न्यायचा. धूर छातीत गेला आणि दम लागला तर थेट इमर्जन्सी.

येऊरचा_वाटाड्या
येऊरला शेंगांवरची सोनेरी लव लागून अंगाची आग होते, तेही हेच का?

रानपान_पार्ले
नाही, ती खाजकुइली. तिची लव कातडीत रुतते आणि खाज तिथल्या तिथे सुटते, ॲलर्जी लागत नाही. चोळू नका. चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग धुवा.

मुलुंडची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला आत्ताच कुंपणाजवळचे फोटो पाठवायला सांगितलेत. इथे टाकले तर बघाल का?

रानपान_पार्ले
जरूर टाका. पण फोटो दुरून नको. एका देठावरची तीन पानं आणि मधला लांब देठ स्पष्ट दिसू दे, आणि झाडावर वेल चढलेली असेल तर तिच्या खोडाचा वेगळा. फोटो काढताना ताईंनी पान हाताने वळवू नये.