अनुभव धागा: मोठं होताना कानात कोण गात होतं?

चारभिंती (सातारा, आता पुणे)

२०१४ चा जानेवारी, बारावीच्या प्रिलिम. मैत्रिणीचा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता. तो संक्रांतीला आला तेव्हा पेन ड्राइव्हवर ‘इंग्लिश न्यू’ नावाचं फोल्डर घेऊन आला. त्यात लॉर्ड नावाच्या मुलीचा ‘प्युअर हिरोईन’ हा अल्बम होता. मुखपृष्ठ काळंकुट्ट, वर नुसती अक्षरं. आम्हाला वाटलं, चित्र लोड व्हायचं राहिलंय.

दहा गाणी, सगळी मिळून ३७ मिनिटं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्धे शब्द कळले नाहीत, पण एवढं कळलं की ही मुलगी आपल्यासारखीच कुठल्यातरी कोपऱ्यातल्या गावात कंटाळलीय आणि त्या कंटाळ्यावरच गाणी करतेय. कंटाळ्यावर गाणं होतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. आपल्याकडे गाणं म्हणजे एकतर प्रेम, नाहीतर देव, नाहीतर पाऊस.

मग सायबर कॅफेत जाऊन शोधलं. ऑकलंडची, न्यूझीलंड. आई कवयित्री. जन्म नोव्हेंबर १९९६. मी ऑगस्टची! म्हणजे तिच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी, आणि मला अजून लेन्सचे रे डायग्राम येत नव्हते. सप्टेंबर २०१३ ला अल्बम आला तेव्हा तिला सतरा पूर्ण व्हायची होती.

तिला राजेरजवाड्यांचं भारी आकर्षण, त्यातून हे नाव. नुसतं ‘लॉर्ड’ पुरुषी वाटतं म्हणून इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक मुका ‘ई’ चिकटवला. आणि तिच्या गाजलेल्या गाण्यातला ‘रॉयल्स’ हा शब्द सापडला कुठे, तर जुन्या नॅशनल जिओग्राफिकमधल्या फोटोत. जॉर्ज ब्रेट नावाचा बेसबॉलवाला चेंडूंवर सह्या करतोय आणि शर्टावर त्याच्या संघाचं नाव, रॉयल्स. ते गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. श्रीमंती थाट आपल्या नशिबी नाही आणि नकोही, असा त्याचा सूर. आता हे सातारकराला सांगून बघा. ज्या गावात निम्म्या गाड्यांच्या मागे ‘राजधानी’ लिहिलेलं असतं तिथे ‘आम्ही काही राजे नव्हे’ म्हणणार कोण? आमच्यासाठी राजवाडा म्हणजे चौपाटीवरची भेळ आणि गाडी लावायला जागा न मिळणं.

पण माझं गाणं ते नव्हे, ‘रिब्ज’. आईवडील घरी नसताना तिने केलेल्या पार्टीवरचं. आमचीही झाली तशी पार्टी. आईबाबा लग्नाला कोल्हापूरला, आम्ही चौघी, मॅगीची सहा पाकिटं, एक लॅपटॉप. साडेदहाला दार वाजलं. शेजारच्या काकू, हातात लोणच्याची वाटी. “काही लागलं तर हाक मारा गं,” असं तोंडाने, आणि डोळे आमच्या खांद्यावरून थेट आतल्या खोलीत. आत कोण सापडणार होतं, फिजिक्सच्या पुस्तकातले एचसी वर्मा? त्या गेल्यावर हसून हसून पोट दुखलं. आणि मग एकदम शांत झालो, कारण एक जण म्हणाली, पुढच्या संक्रांतीला आपण कुठे असू? लॅपटॉपवर तेच गाणं चाललेलं. चौघींपैकी आज साताऱ्यात एकच आहे, आणि ती मी नाही.

तर लिहिते व्हा. वयात येताना जो अल्बम कानात होता तो सांगा. गायिका कोवळी असेल तर उत्तम, नसली तरी चालेल, तुम्ही कोवळे असलात म्हणजे झालं. रसग्रहण नको. खोली कुठली, यंत्र कुठलं, कोण ओरडलं ते लिहा.

भडंगवाला (सांगली)

छान धागा. आमच्या वेळी अल्बम म्हणजे कॅसेट. १९९६ ला मी दहावीत, गावभागात राहायला. लकी अलीचा पहिला अल्बम ‘सुनो’ त्याच वर्षी आला. तुमच्या अटीत गायक बसत नाही, तो तेव्हा अडतिशीला टेकलेला होता. मी सोळाचा होतो, त्यावर भागवून घ्या.

विकत घ्यायला पैसे नव्हते, मित्राची आणली होती. कोरी कॅसेटही नव्हती. तेव्हा ज्यांनी कॅसेटी हाताळल्यात त्यांना माहीत असेल, वरच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी जिभली मोडलेली असली की त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. पण त्या खाचेवर सेलोटेप लावली की मुकाट्याने होतं. मी आजीच्या हरिपाठाच्या कॅसेटला सेलोटेप लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजीने बटण दाबलं आणि गिटार सुरू झाली. मी पांघरुणात मेल्यासारखा पडून. आजी म्हणाली, “हा कोण रे, घसा बसलेला?” मला वाटलं आता बाबांना उठवणार. पण ती जप करत बसून राहिली आणि अख्खी बाजू ऐकली. शेवटी एवढंच म्हणाली, “एकटाच हिंडतोय वाटतं कुठंतरी.” लकी अलीबद्दल याहून बरं वाक्य मी कुठल्या पेपरात वाचलेलं नाही.

२००५ च्या पुरात ती कॅसेट माळ्यावर होती, वाचली. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५, हे सांगलीत पोरांना पाढ्यांआधी येतं) तेव्हा माळाही भिजला. पाणी ओसरल्यावर चिखलातून डबा काढला. बायको म्हणाली, टाका आता. मी पाच बारके स्क्रू काढले, फीत साध्या पाण्यात खळबळून कपड्याच्या दोरीवर सैल सोडली. वाऱ्याने तिचा जो काही गुंता झाला तो सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात भरली आणि पेनने गुंडाळली.

वाजली. पाण्यातून आल्यासारखा आवाज, पण वाजली. आणि अल्बम कॅसेटपेक्षा छोटा, त्यामुळे बाजूच्या शेवटी चार मिनिटं हरिपाठ तसाच शिल्लक. ते मी विसरून गेलो होतो. आजी २००८ ला गेली.

चारभिंती

@भडंगवाला, दंडवत. धागा इथेच वसूल.

नागठाणेकर

इंग्रजी नाहीतर हिंदी, दुसरं काही वाजतच नव्हतं का तुमच्या घरी? आमच्या नागठाण्याचे बालगंधर्व १९०५ ला किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले तेव्हा सतरा वर्षांचेच होते. पदार्पण म्हणायचं तर ते. बाकी चालू द्या.

गाणीभरूनमिळतील (विटा)

मी वेगळ्या बाजूने लिहितो. मी ती गाणी भरून देणारा माणूस. २०११ ते २०१६ मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान होतं, बाहेर पाटी: ‘गाणी भरून मिळतील’. दोन जीबीचं कार्ड भरायला तीस रुपये, ओळखीच्याला वीस. चोरीचाच माल होता, कबूल. तेव्हा तसं कुणाला वाटत नव्हतं, मलाही नाही.

पोरं यायची ती डीजे मिक्स मागायची. बायका भक्तिगीतं. ड्रायव्हर लोक जुनी गाणी, तीही दर्दभरी. इंग्लिशचं फोल्डर मी स्वतः उघडूनसुद्धा बघितलेलं नव्हतं, कुणीतरी देऊन ठेवलेलं. एक मुलगी यायची, अकरावी-बारावीची असंल, भाऊ बाहेर गाडीवर थांबलेला. ती हळूच म्हणायची, “वर मराठी भरा, खाली ते इंग्लिश भरा.” म्हणजे घरी कुणी बघितलं तर वरची आठ-दहा गाणी मराठी दिसावीत. मी काय करायचो, मधे एक फोल्डर ‘आरती संग्रह’ नावाने करून इंग्लिश त्यात टाकायचो. एवढी सेवा कुठं मिळणार? पैसे जास्तीचे घेतले नाहीत कधी.

तुमचा हा लॉर्डचा अल्बम त्यात होता का? असंल. तिचा फोटो दिसत नाही, काळा चौकोन दिसतो, असं एक होतं खरं. मी व्हायरस समजून दोनदा डिलीट केलेलं.

२०१६ ला फुकटात नेट आलं, पाटी काढली. आता टेम्पर्ड ग्लास लावतो.

खर्ज (मिरज)

‘आरती संग्रह’ वाचून चहा सांडला.

माझा अनुभव सतारमेकर गल्लीतला. बारावी नापास झाल्यावर वडिलांनी मला एका चाचांकडे शिकाऊ म्हणून बसवलं. काम काय, तर भोपळे घासायचे. तंबोऱ्याचा भोपळा वाळून टणक झाला की आतून साफ करून घासावा लागतो, नाकातोंडात धूळ जाते, संध्याकाळी शिंकला तरी तपकिरी. पुढे चाचा जवारी लावायला बसायचे. घोडीवर तार टेकते ती जागा कानसीने इतकी हलकी घासायची की डोळ्यांना फरक दिसत नाही, कानालाच कळतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. धागा पुढे-मागे करत एका ठिकाणी आला की तार एकदम उजळते, एका सुरातून चार सूर निघतात. पुढे २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (त्या गावचीच वस्तू असल्याचा सरकारी शिक्का) मिळाला तेव्हा पेपरवाले आले होते, पण ती उजळण्याची जागा फोटोत येत नाही.

मी कानात इअरफोन घालून भोपळे घासायचो. चाचांनी एकदा विचारलं, काय ऐकतोस रे एवढं? मला वाटलं रागावले. एक बाजू त्यांच्या कानात दिली. लागलं होतं ‘रॉयल्स’. चाचा डोळे मिटून बसले. त्या गाण्यात वाद्यं जवळजवळ नाहीतच, एक ठोका, चुटक्या आणि ती. मी म्हटलं, “चाचा, मागं काही वाजतच नाही, मोकळं मोकळं वाटतं ना?” ते म्हणाले, “वाजतंय की. तिनं आपलाच आवाज आपल्या मागं लावलाय. चार थर आहेत, मोज.” मी मोजले. ध्रुवपदाला खरंच एकावर एक थर होते. मी दोन महिने ऐकत होतो आणि मला हे कळलं नव्हतं.

पुढे वाचनात आलं की जोएल लिटल नावाच्या माणसाबरोबर ऑकलंडमधल्या त्याच्या छोट्या स्टुडिओत तिने हा अल्बम केला. चाचांना सांगितलं तर म्हणाले, “छोटाच असणार. मोठ्या खोलीत माणूस उगाच भरती करतो.” त्या आठवड्यापासून मला जवारीच्या कामाला हात लावू दिला.

संगमावर (कराड)

मी आईच्या बाजूने लिहू का? २०२१, मे महिना, सगळं बंद. लेक नववीत, ऑनलाइन शाळेचा कॅमेरा बंद करून पलंगावर पालथी. तिचं दैवत ऑलिव्हिया रॉड्रिगो, तेव्हा अठरा वर्षांची, नुकताच पहिला अल्बम आलेला, ‘सॉर’. त्यातलं एक गाणं म्हणजे मुलीला गाडीचं लायसन्स मिळतं आणि ज्याच्याकडे जायचं तो राहिलेला नाही. हे ऐकून आमची रडत होती. पंधरा वर्षांची, लायसन्स नाही, आणि माझ्या माहितीत ‘तो’ही नाही.

मी आपली म्हणाले, “अगं, रडतेस काय, सोळाची झालीस की बिनगिअरच्या गाडीचं निघतं तुझंही.”

“मम्मी, तुला काहीही कळत नाही.”

खरंच कळलं नव्हतं. मग रात्री भांडी घासताना ते गाणं लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना माझंच काहीतरी झालं. मला आठवलं, माझ्या वडिलांनी मला सायकलसुद्धा शिकू दिली नव्हती. लुना चालवायला मी लग्नानंतर शिकले, नवऱ्याच्या मागे लागून, कृष्णा-कोयनेच्या संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहाटे, कुणी बघू नये म्हणून.

लेकीला यातलं काही सांगितलं नाही. पण सोळाव्या वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी तिला घेऊन एमएच ५० च्या आरटीओ ऑफिसात लर्निंगच्या रांगेत उभी होते. ती लाजून लांब उभी. रांगेत कानात एकेक इअरफोन लावला, तिच्याच हट्टाने. गाणं दुसरंच होतं, मला नाही आवडलं.

भडंगवाला

@संगमावर, ताई, लुनावरचा वेगळा धागा काढा.

एमएच_दहा

माझं काहीच नाही. आमच्या हॉस्टेलला एकच स्पीकर होता आणि तो रेक्टरकडे. पहाटे साडेपाचला सुप्रभात. अजून ते ऐकलं की दात घासावेसे वाटतात.

मेणवलीघाट (वाई)

मी इथली सगळ्यात लहान दिसतेय, सतरा पूर्ण. तुम्ही लोक ऐकल्याचं लिहिताय, मी केल्याचं लिहिते.

तीन गाणी झालीत. मराठी. फोनवर रेकॉर्ड केली, आईच्या कपाटात डोकं घालून, कारण साड्यांमुळे आवाज घुमत नाही हे मी यूट्यूबवर शिकले. कपाटात डांबरगोळ्यांचा वास असतो, त्यामुळे एका टेकमध्ये दोन ओळींपेक्षा जास्त गाता येत नाही. पहिलं गाणं घाटावर बसून मोबाइल बघणाऱ्या मुलांवर आहे. दुसरं माझ्या चुलतबहिणीवर, तिचं लग्न झालं आणि तिने माझा ड्रेस परत केला नाही. ते विनोदी करायचं होतं, तसं झालं नाही. तिसरं वयावर. त्यात एक मिनिट चाळीस सेकंदांना आजीच्या कुकरची शिट्टी आलीय. सात वेळा परत गायले, पण शिट्टी असलेला टेकच चांगला झालाय, म्हणून तोच ठेवला. @खर्ज, मागे माझेच आवाज लावलेत, तीन थर. चाचांना विचाराल का, पुरे आहेत का?

खर्ज (मिरज)

विचारलं. म्हणाले, शिट्टी धरून चार झाले.

चारभिंती

अगं मग लिंक दे ना!

मेणवलीघाट (वाई)

बारावीनंतर. आई हा धागा वाचते.