मंडेन म्हणजे नक्की काय? कंटाळवाणं, सामान्य, की ऐहिक?

मंडेन या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणायचं असं विचारलं की पहिलं उत्तर हमखास 'कंटाळवाणं' येतं आणि दुसरं 'सामान्य'. दोन्ही अगदीच चूक नाहीत, पण त्यात शब्दाचा गाभा निसटतो असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी उच्चार. मन्-डेऽन, जोर दुसऱ्या अक्षरावर. मंडे म्हणजे सोमवार, त्याच्याशी याचा काही संबंध नाही, तो मून म्हणजे चंद्रावरून आलाय. हा शब्द आलाय लॅटिन मुंडुसवरून, मुंडुस म्हणजे जग. त्यावरून मुंडानुस म्हणजे जगातलं, या जगाचं, आणि मग जुन्या फ्रेंचमधून तो 15व्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ होता ऐहिक. म्हणजे एकीकडे ईश्वर, आत्मा, स्वर्ग वगैरे आणि दुसरीकडे पैसाअडका, घरदार, शरीराचे चोचले, या दुसऱ्या बाजूचं जे जे काही ते सगळं मंडेन. धर्माच्या नजरेतून ही बाजू खालचीच, त्यामुळे शब्दात कमीपणाची छटा पहिल्यापासून होती. पुढे स्वर्गाचा संदर्भ गळून पडला, कमीपणा तेवढा उरला, आणि 'रोजचं, त्यात विशेष काही नाही असं' हा आजचा अर्थ 19व्या शतकात रुळला.

आता गंमत बघा, 'जग' याच कल्पनेतून निघालेले शब्द प्रत्येक भाषेत कुठल्या कुठे गेलेत. इंग्रजीत ते नीरस रोजच्या कामांवर येऊन थांबलं. फ्रेंचमध्ये तोच शब्द, मोंदँ, पण त्याला अर्थ आला उच्चभ्रू समाजात वावरणारा, पार्ट्या-समारंभांतला, म्हणजे जवळजवळ उलटाच. आपल्याकडे लोक वरून लौकिक झालं आणि मराठीत लौकिक म्हणजे चक्क कीर्ती, नावलौकिक. 'लौकिक अर्थाने यशस्वी' म्हणताना जुना अर्थ अजून जिवंत आहे, पण एरवी मंडेनसाठी लौकिक वापरलं तर वाचणारा गोंधळणार. आणि प्रपंच! संस्कृतात तो विस्तार, हे सगळं पसरलेलं दृश्य जग, हिंदीत त्याला भानगड, लबाडी असाही वास येतो, आणि मराठीत तो सरळ घरसंसार. त्यामुळे मंडेनच्या मूळ अर्थाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द मला 'प्रापंचिक' वाटतो, कारण प्रपंच आणि परमार्थ ही आपली जोडी नेमकी तीच आहे जी त्या शब्दाच्या पोटात होती. फक्त आजच्या ऑफिसातल्या वाक्यात प्रापंचिक बसत नाही, 'मला प्रापंचिक ईमेल आले' असं कोण म्हणेल.

मग आजच्या वाक्यांत काय करायचं? मंडेन टास्क्स हे बहुतेकदा मंडेन म्हटलं की पाठोपाठ येतं. फायलींना नावं देणं, फॉर्म भरणं, कपड्यांच्या घड्या घालणं, जी कामं करावीच लागतात आणि झाली तरी कुणी शाबासकी देत नाही ती. इथे 'कंटाळवाणी कामं' म्हटलं की बोलणाऱ्याचा मूड सांगितला जातो, कामाचं स्वरूप नाही. 'रोजची बारीकसारीक कामं' किंवा 'नित्याची कामं' जास्त बरोबर. एखाद्याला तीच कामं आवडूही शकतात, तरी ती मंडेनच राहतात. पण वाक्य जर असं असेल की तिला नोकरी मंडेन वाटायला लागली, तर तिथे सूर खरंच कंटाळ्याचा आहे, मग 'नोकरीत काही राम वाटेना' किंवा 'रोजचं रहाटगाडगं वाटायला लागली' असं बिनधास्त लिहावं. मंडेन एग्झिस्टन्ससाठी 'चाकोरीतलं आयुष्य' हा तर फार सुंदर पर्याय आहे, चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली वाट, त्याच त्याच रेषेतून जाणं आपोआप दिसतं.

आता मला सगळ्यात आवडणारा उपयोग, मंडेन एक्स्प्लनेशन. समजा आकाशात एक तेजस्वी दिवा दिसतोय, लोक म्हणतायत उडती तबकडी, आणि नंतर कळतं की तो शुक्र होता. अशा वेळी इंग्रजीत म्हणतात की याला एक अगदी मंडेन स्पष्टीकरण आहे. इथे कंटाळवाणं स्पष्टीकरण लिहिलंत तर अर्थाची वाट लागते, कारण ते स्पष्टीकरण कंटाळवाणं मुळीच नाही, म्हणायचं एवढंच आहे की परग्रहावरचं, भुताखेतांचं, दैवी असं काही नाही, याच जगातलं कारण आहे. म्हणजे 15व्या शतकातला अर्थ इथे अजून श्वास घेतोय. मराठीत 'कारण अगदी साधं निघालं' किंवा 'मामुली निघालं'.

'सामान्य'बद्दल तक्रार अशी की तो दर्जाकडे झुकतो. सामान्य प्रतीचं, सामान्य बुद्धीचा. मंडेनला दर्जाशी घेणंदेणं नाही. दर्जा बेताचा असेल तर मीडिऑकर, त्याला 'सुमार' हा शब्द आपल्याकडे आधीच तयार आहे. चावून चोथा झालेलं बोलणं असेल तर इंग्रजीतला 'बनाल' (banal). कल्पकतेचा अभाव असलेलं लेखन असेल तर पेडेस्ट्रियन, म्हणजे पायी चालणारं. या सगळ्यांना एकच सामान्य चिकटवला की इंग्रजीतले चार वेगळे शब्द मराठीत एक होऊन जातात आणि दोष मराठीच्या गरिबीला दिला जातो, हे मला खरंच खटकतं. 'रटाळ'सुद्धा इथे नको, तो लांबलेल्या भाषणाला किंवा सिनेमाला शोभतो.

एका ठिकाणी मात्र यातलं काहीच चालत नाही. मंडेन ॲस्ट्रॉलॉजी असं कुठे वाचलंत तर ते साधंसुधं ज्योतिष नव्हे, राष्ट्रांचं, युद्धांचं, दुष्काळांचं म्हणजे जगाचं भविष्य बघणारी ती शाखा आहे, आपल्याकडे तिला मेदिनीय ज्योतिष म्हणतात, मेदिनी म्हणजे पृथ्वी. तिथे मुंडुस शब्दशः जसाच्या तसा आलाय, त्यामुळे अनुवाद करताना मंडेन दिसला रे दिसला की लगेच 'रोजचं' लिहू नका, आधी पुढचा शब्द बघा.