डक्टमध्ये घुबडाची पिल्लं आणि सोमवारी रंगारी

खजिनदारीण

नमस्कार मंडळी. वाशीत राहते, एपीएमसीच्या दाणा मार्केटपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. जुनी चार मजली इमारत, बऱ्याच वर्षांनी रंगकाम निघालंय, आणि सोसायटीची खजिनदार म्हणून आगाऊ रकमेच्या चेकवर सही माझीच आहे. म्हणून जीव टांगणीला.

तीन आठवड्यांपूर्वी रोज रात्री आठच्या सुमारास स्वयंपाकघरात फुस्सऽ फुस्सऽ आवाज यायला लागला. मला वाटलं गॅसची पाइप गळतेय. माणूस बोलावला, त्याने साबणाचं पाणी लावून एकूण एक जोड तपासला. काही नाही. तो जिना उतरतोय तोवर परत फुस्सऽ! शेवटी मोरीच्या खिडकीतून डक्टमध्ये बॅटरी मारली. समोर, माझ्याहून एक मजला खाली, बंद फ्लॅटच्या छज्ज्यावर जुन्या कूलरचा सांगाडा पडलाय. त्यातून तीन पांढरी तोंडं वर बघत होती, पत्त्यातल्या बदामासारखी. एक मोठं, एक मधलं आणि एक अगदीच चिमणं, अंगावर नुसता कापूस.

कमिटीत मी सांगितलं आणि घोळ झाला. अध्यक्ष म्हणतात, दिवाळीच्या तोंडावर घुबड नको, खोक्यात घालून येऊरला सोडून या. तळमजल्यावरचे आजोबा म्हणतात, हात लावू नका. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीवर नेऊन घासतं, आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो. (आजोबांची श्रद्धा या वेळी माझ्या कामाची आहे, म्हणून मी गप्प बसले.) परांची बांधणारे सोमवारी येणार. पिल्लं उडायला किती दिवस लागतील? आणि हलवली तर चालतात का? खाली पडलेल्या केसाळ, करड्या गुठळ्यांचं काय करायचं, तेही सांगा. सफाईवाली बाई झाडायला तयार नाही.

खाडीकाठ

ताई, ही गव्हाणी घुबडं. नावातच गव्हाण आहे: गोठे, धान्याची कोठारं, पडक्या माड्या, हेच यांचं घर. येऊरच्या रानात नेऊन सोडलं तर ना आईबाप तिथे पोचणार, ना पिल्लांना स्वतः उंदीर धरता येणार. उपाशी मरतील. तुमची फुस्स म्हणजे पिल्लांची भूक. हे घुबड घुमत नाही. मोठी किंचाळतात, लहान फुसफुसतात.

पिल्लं लहानमोठी का, तर मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते. तेव्हा हिशेब थोरल्यावरून करू नका, धाकट्यावरून करा. साधारण आठ आठवड्यांची झाली की उडायला लागतात, पुढे काही दिवस निजायला तिथेच येतात. बदाम स्पष्ट दिसतोय म्हणजे थोरलं महिन्याच्या आसपास असावं. धाकट्याला अजून महिनाभर तरी द्या.

अध्यक्षांना एवढंच सांगा: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्याचं घरटं किंवा अंडी छेडणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसवलंय. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, एखादं पिल्लू खाली पडलंच तर तिथे फोन करा. रंगाऱ्याला म्हणावं बाहेरच्या भिंती आधी, डक्ट सगळ्यात शेवटी.

तुर्भेकर

मी दुसरी बाजू सांगतो, रागावू नका. आमच्याकडेही होतं एक जोडपं. वासाने हैराण झालो होतो, आईला दमा. त्याच सुमारास पार्किंगमध्ये घुशी वाढल्या म्हणून कमिटीने विषाच्या वड्या टाकून घेतल्या. आठ दिवसांनी जिन्याखाली मोठं घुबड मेलेलं सापडलं. विषानेच मेलं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर घुबडाच्या तावडीत आधी सापडतो. वड्यांची पावती आमच्या फाइलला आहे, सही माझी. तुमच्याकडे रंगाबरोबर पेस्ट कंट्रोलचंही ठरलं असेल तर ते आधी थांबवा.

गुठळ्या म्हणजे विष्ठा नव्हे. उंदीर आख्खा गिळतात, आणि न पचलेले केस-हाडं ओकून टाकतात. मास्क आणि हातमोजे घालायचे, आधी पाणी शिंपडायचं आणि मग उचलायच्या. कोरड्या झाडू नका, धूळ उडते.

निशाचर

एकच. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय का? असेल तर काढा. दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडांची चोरटी विक्री चालते. मजला, विंग काहीही लिहू नका.

खजिनदारीण

फोटो टाकला होता. काढला. त्याआधीच कुणीतरी बाहेरच्या ग्रुपवर पाठवलेला, आणि परवा एक अनोळखी माणूस वॉचमनला विचारून गेला, "वो उल्लू किस माले पे है?" वॉचमनने सांगितलं, उडून गेलं. त्याला मी चहाचे पैसे दिले, हिशेबात किरकोळ खर्चात टाकलेत.

पेस्ट कंट्रोल खरंच ठरलं होतं, रंगाच्याच खर्चपत्रकात चौथ्या ओळीवर. रद्द केलंय. तुर्भेकर, तुमचे आभार मानू की काय करू कळत नाही.

रंगारी चांगला निघाला. म्हणाला, "ताई, आमच्या गावाकडं खळ्यावर असायची ही." डक्ट शेवटी करायला तयार आहे, फक्त परांचीचे बांबू दुसऱ्यांदा आणायचं भाडं मागतोय. अध्यक्षांना ते भाडं खटकतंय, घुबड आता तितकं खटकत नाही. एक गुठळी मी पाण्यात भिजवून नातवासमोर उकलली. तीन कवट्या निघाल्या, पैकी एक चिचुंद्रीची असावी असं त्याचं मत. सफाईवाल्या बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढे उंदीर खातंय होय?" आता त्याच मास्क लावून उचलतात.

थोरलं काल कूलरच्या कडेवर येऊन पंख झाडत होतं. धाकटं अजून मागेच बसून फुसफुसतंय. फ्लॅटमालक परदेशात असतात, त्यांचा मेसेज आलाय की रंगाच्या निमित्ताने तो कूलर भंगारात द्या. त्यांना काय लिहू?