मदत हवी आहे: जळगाव-धुळ्याच्या जुन्या नगरपालिकेचं बोधचिन्ह कोणाकडे आहे का?

राम राम मंडळी,
आमच्या वाचनालयात पोरांसाठी शहरांच्या बोधचिन्हांचं छोटं प्रदर्शन लावायचंय, बाहेरचं सगळं जमलं पण घरचंच अडलंय. मुंबई महापालिकेचं 'यतो धर्मस्ततो जयः' मिळालं, कोलकात्याचं 'पुरश्री विवर्धन' मिळालं, बर्लिनचं अस्वल, ॲमस्टरडॅमच्या तीन फुल्या, सगळं प्रिंट होऊन आलं. पॅरिसचं तर मला फारच आवडलं, होडी आहे अन् खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की लाटांवर हेलकावते पण बुडत नाही, मुळात सीन नदीवर व्यापार करणाऱ्यांच्या संघाची ती खूण, पुढे अख्ख्या शहराची झाली.

आता आपलं. जळगाव अन् धुळे दोन्हीकडे महापालिका झाली 2003 ला, मला त्याआधीचं नगरपालिकेचं चिन्ह हवंय. आबांच्या पेटीत घरपट्टीच्या जुन्या पावत्या सापडल्या पण शिक्का नेमका सहीवर मारलेला, जांभळी शाई पसरलेली, कडेचं 'नगरपालिका' तेवढं वाचता येतं, मधलं चित्र काही केल्या लागत नाही, मोबाईलवर मोठं करून पाहिलं तरी नुसता डाग.

एकजण म्हणाला केळीचा घड काढून टाक, जळगावच्या केळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ओळख आहेच. ओळख आहे हो, पण ते नगरपालिकेनं ठरवलेलं चिन्ह नाही ना, अन् पोरं तेच खरं धरून चालतील. सिंहांची राजमुद्रा पण नको, ती देशाची आहे, कुठेही लावायला 2005 च्या कायद्याने बंदी आहे.

कोणाकडे तेव्हाचा जन्मदाखला, नळपट्टीची पावती, बांधकाम परवानगी असं काही असेल तर फक्त शिक्क्याचा फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. कागद सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश मारला की शाई चमकते. अमळनेर, भुसावळ, नंदुरबारचं असेल तरी टाका.

प्रतिसाद:
दादा, महापालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. पण मोघम लिहू नका, 'तत्कालीन नगरपालिकेने बोधचिन्ह मंजूर केल्याचा ठराव व चित्राची प्रत' असंच मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भुसावळचा माझा जन्मदाखला आईकडे आहे, शिक्का दिसतोय का ते बघून संध्याकाळी टाकते.