मदत हवी आहे : टायफॉइड पुन्हा उलटलाय का?

नमस्कार मंडळी. भाचा पुण्यात शिकतो, मेसवर जेवतो. गेल्या महिन्यात सकाळी बरा आणि संध्याकाळी १०३ ताप, जिभेवर पांढरा थर, कडा लालभडक. तिसऱ्याच दिवशी विडाल (टायफॉइडची अँटिबॉडी बघणारी रक्तचाचणी) केली, 'ओ १:१६०' म्हणजे पॉझिटिव्ह आलं, लगेच गोळ्या सुरू. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची चाचणी) कुणी सुचवलंच नाही. नंतर कळलं, विडाल चुकीची पॉझिटिव्हही येते आणि कल्चरचं रक्त अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचं असतं. बैल गेला नि झोपा केला!

त्यात पठ्ठ्याने ७ दिवसांचा कोर्स चौथ्या दिवशी सोडला (ताप उतरला ना!). आता १५ दिवसांनी पुन्हा कणकण, पोट जड. उद्या फिजिशियनकडे नेतोय. तोवर विचारतो :

कुणाच्या घरी असा उलटलाय का? दुसऱ्यांदा कल्चर केलंत? विडाल बरं झाल्यावरही बरेच दिवस पॉझिटिव्ह राहते, मग आता तिच्यावर पैसे घालवायचे कशाला?

आणि टायफॉइडची कॉन्ज्युगेट (प्रथिन जोडलेली) लस बरं झाल्यावर किती दिवसांनी घेतलीत? २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना दिली होती, तीच. मेसमध्ये मावशी पिंपात तांब्या बुडवूनच पाणी देतात, तेव्हा बाटली घरूनच न्यायला लावलीय.