स्वस्तातली शिकारी रायफल म्हणजे खेळणं?

डोंगरवाटा (पेनसिल्व्हेनिया): "स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची) म्हणजे खेळणं, टिक्का कंपनीची घ्या नाहीतर घरी बसा." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. नवख्यांना घाबरवायचे धंदे बंद करा! इथल्या दाट झाडीत हरीण बहुतेकदा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. त्याला रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस-२ यांसारखी स्वस्त रायफल पुरून उरते. रुगरचा ट्रिगर ओढायला लागणारा जोर ३ ते ५ पौंडांत घरच्या घरी जुळवता येतो. उरलेले पैसे स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि काडतुसांवर घाला.

नेमबाज_डेन्व्हर: ती पोस्ट माझीच. दुकानात रुगर हातात घ्या आणि दस्त्याचा पुढचा भाग नळीकडे दाबून बघा. प्लास्टिक वाकतं, नळीला टेकतं. वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं की नेम हलणारच. टिक्काचा बोल्ट एकदा ओढलात की मग बोला. आमच्याकडे एल्क (भलं मोठं हरीण) असतो, तोही तीनशे यार्डांवर.

डोंगरवाटा: मग "आमच्याकडे" असं लिहायचं ना! दस्त्याचं मान्य. बाकीचं नाही.

ह्यूस्टनची_सून: रायफलवर भांडताय, पण नेम चुकतो तो धक्क्याला घाबरून. नवऱ्याने मला थेट .३०० विन-मॅग, म्हणजे जबर धक्का देणाऱ्या काडतुसाची रायफल दिली होती. पुढचा सगळा सीझन मी गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटत होते. कमी धक्क्याच्या ६.५ क्रीडमोर काडतुसाची रायफल हातात आली तेव्हा कुठे रानडुकरं पडायला लागली.

नेमबाज_डेन्व्हर: क्रीडमोर ही २००७ची फॅशन. .३०८ हे काडतूस १९५२पासून टिकून आहे, कुठल्याही गावात मिळतं.

जर्सीकर: अहो, या ग्रुपवरचे निम्मे लोक एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत! त्या व्हिसावर बंदूक हातात धरणंसुद्धा फेडरल गुन्हा आहे. कोणाचं ग्रीन कार्ड घालवताय?

डोंगरवाटा: अर्धवट माहिती पसरवू नका. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर कायद्यातच सूट आहे. मी स्वतः एच-१बीवर असतानाच रायफल घेतली. फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) भरताना दुकानात काउंटरवरच्या पोराला ही सूट ठाऊकच नव्हती, तो सरळ नाही म्हणाला. मॅनेजरला बोलवायला लावलं.

जर्सीकर: आणि परवाना संपला की?

डोंगरवाटा: सूटही संपली. रायफल कपाटात असली तरी गुन्हाच.

जर्सीकर: मग हे पहिल्या ओळीत का नाही लिहिलंत? इथे ट्रिगरचे पौंड मोजत बसलात! माझ्या ओळखीच्या एकाने परवान्याची तारीख विसरून वकिलाला रायफलच्या दसपट पैसे मोजलेत.

नेमबाज_डेन्व्हर: जर्सीकरांचं बरोबर आहे. रायफलीबद्दल मी तसूभरही हटणार नाही, पण हे पोस्टच्या वर यायलाच हवं.

डोंगरवाटा: ठीक आहे, टाकतो. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. एच-१बीवाल्यांनी त्याआधीच नवा काढायचा, सीझनची वाट बघायची नाही. परवाना पहिल्यांदा घेणाऱ्यांना शिकारी प्रशिक्षणाचं सर्टिफिकेटही लागतं, तेव्हा रायफल निवडायच्या आधी ते उरका.

ह्यूस्टनची_सून: आणि .३०० विन-मॅग घेऊ नका.